यंत्रा, तुला काय काय येतं?

1 जून 2017 रोजी पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप सुरू केला, तेव्हा त्यातून अंगठ्यांची गोष्ट निघेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, राहाता तालुक्यातलं हे गोदावरीकाठचं गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या जंक्शनमुळे रेल्वेवाल्यांना ठाऊक असलेलं. एप्रिलमध्ये ग्रामसभेत ठरलेला संप जूनच्या पहिल्या दोन दिवसांतच राज्यभर पसरला. रस्त्यावर दूध ओतलं गेलं, भाजीचे ट्रक अडवले गेले, बाजार समित्यांचे लिलाव थंडावले. 3 जूनच्या पहाटे मुंबईत समझोता झाल्याचं जाहीर होताच शेतकऱ्यांमध्येच फूट पडली आणि आंदोलन पुढे चालू राहिलं. 11 जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. 24 जूनला ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ जाहीर झाली: 34,022 कोटी रुपये, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ.

इथपर्यंतचं सगळ्यांना आठवतं. पुढची अट लोक विसरतात. 2008 च्या केंद्राच्या कर्जमाफीत बँकांच्या याद्यांवरच सगळं झालं होतं आणि त्यातल्या गैरप्रकारांची चर्चा नंतर बरीच वर्षं चालली. म्हणून या वेळी प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा, कुटुंबाची माहिती भरायची आणि आधारने ओळख पटवायची, असं ठरलं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी, नाहीतर केंद्रावर जाऊन अंगठा. 24 जुलैपासून ‘आपले सरकार’ केंद्रांपुढे रांगा लागल्या. आत टेबलावर एक संगणक आणि त्याला वायरने जोडलेली मुठीएवढी काळी डबी. मंत्रा किंवा मॉर्फो कंपनीची, काच खालून उजळणारी. शेतकरी काचेवर अंगठा टेकवणार, डबी ठसा घेणार, तो आधारच्या सर्व्हरकडे जाणार आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ परत येणार.

अनेकदा यातलं काहीच येत नसे. ‘थंब घेत नाही, उद्या या’ हे वाक्य त्या पावसाळ्यात गावोगाव ऐकू आलं. हे एकच वाक्य चार-पाच अगदी वेगवेगळ्या बिघाडांना वापरलं जात होतं. डबीला आणि संगणकाला त्यातला फरक कळत होता, रांगेतल्या माणसाला नव्हता. त्या वायरमधून काय बोललं जातं, ते संगणकाच्या आतून बाहेर कसं आलं आणि कुठे येऊन अडलं, त्याचा हा इतिहास.

1996 च्या आधी संगणकाला कुठलंही उपकरण जोडणं हे जाणकाराचं काम होतं. प्रिंटरला जाड पॅरलल केबल, मोडेमला सीरियल, कीबोर्ड-माउसला गोल पिन. स्कॅनर घेतला तर संगणक उघडून कार्ड बसवायचं आणि कार्डावरच्या बारीक पट्ट्या हलवून त्याचा नंबर दुसऱ्या कुणाशी भांडणार नाही असा लावायचा. उपकरणाला काय येतं हे संगणकाला माहीत नसे. ते माणसाने पुस्तिकेत वाचून संगणकाला सांगायचं. इंटेलमध्ये काम करणारे अजय भट्ट या त्रासावर उपाय शोधत होते. ते मूळचे बडोद्याचे आणि तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून जानेवारी 1996 मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला.

एका आकाराचा प्लग ही त्यातली सगळ्यांना दिसणारी गोष्ट. खरा बदल आत होता. उपकरण जोडलं की संगणक त्याला विचारतो आणि उपकरणाने ठरलेल्या साच्यात उत्तर द्यायचं: मला बनवणारी कंपनी अमुक क्रमांकाची, माझं मॉडेल तमुक, मला इतका विद्युतप्रवाह लागेल, माझ्याशी बोलायला इतक्या वाटा आहेत. हे प्रश्न विचारण्याचं काम संगणकातल्या होस्ट कंट्रोलर नावाच्या चिपचं. तारेवरचा सगळा कारभार तिच्या हाती. उपकरण आपण होऊन कधीच बोलत नाही, विचारल्यावरच बोलतं.

या चिपबाबत मात्र कंपन्यांचं एकमत झालं नाही. इंटेलने यूएचसीआय नावाची रचना काढली. तिच्यात चिप साधी आणि बरंचसं काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमीकंडक्टर यांनी ओएचसीआय आणली. तिच्यात चिप स्वतःच जास्त काम करते. एप्रिल 2000 मध्ये 480 मेगाबिटांचं यूएसबी 2.0 आलं आणि त्याबरोबर ईएचसीआय ही तिसरी रचना. बाहेरून भोक तेच, आत तीन घराण्यांच्या चिपा, प्रत्येकीची ताकद निराळी. हे वेगळेपण झाकायचं काम संगणकाच्या कर्नलचं, म्हणजे हार्डवेअर आणि वापरकर्त्याचे प्रोग्रॅम यांच्या मधल्या थराचं.

इथून पुढची गोष्ट मी लिनक्सच्या अंगाने सांगतो. आपल्या सेतू केंद्रांतल्या बहुतेक संगणकांवर विंडोज असतं हे खरं. पण विंडोजच्या आत कुणी काय आणि का बदललं, ते बाहेरच्याला दिसत नाही. लिनक्समधला प्रत्येक बदल नाव आणि तारखेसह उघड्यावर पडलेला आहे. इतिहास लिहिणाऱ्याला दुसरं काय हवं? शिवाय रेशन दुकानातल्या पॉस यंत्रांत आणि खिशातल्या फोनमध्ये चालणारं अँड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर उभं आहे.

लिनक्समध्ये यूएसबी उशिरा आलं. इनाकी पेरेझ-गोन्झालेझ यांनी लिहिलेला एक थर होता, पण लायनस टोरवाल्ड्स यांना तो फार गुंतागुंतीचा वाटला आणि 1999 मध्ये त्यांनी स्वतःच एक लहानसा थर लिहायला घेतला. जानेवारी 2001 मधल्या 2.4 आवृत्तीपर्यंत तो सर्वसामान्य वापराला पुरेसा झाला. त्याच सुमारास थॉमस सेलर यांनी एक वेगळी वाट उघडली. कर्नलमध्ये एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, नसेल तरी साध्या प्रोग्रॅमने त्याच्याशी थेट बोलावं, अशी ती सोय. पुढे तिला यूएसबीएफएस म्हणू लागले. तिच्याच जोडीला एक मजकुराची फाइल होती. तिच्यात जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची नोंद, त्याचा वेग, कंपनी आणि त्याला लागणारा प्रवाह ओळीने वाचता येई.

ती फाइल म्हणजे एकच लांबलचक यादी होती, वाचायला आणि चाळायला कटकटीची. डिसेंबर 2003 मध्ये लिनक्सची 2.6 आवृत्ती आली. पॅट्रिक मोशेल यांनी बांधलेली सिसएफएस ही व्यवस्था तिच्यात होती. तीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा कप्पा आणि कप्प्यात एका गुणाला एक छोटी फाइल. होस्ट कंट्रोलरलाही कप्पा मिळाला. त्याच्या पोटात त्याला जोडलेले हब, म्हणजे एका भोकाची अनेक करणारे जोड, आणि हबच्या पोटात उपकरणं. ‘स्पीड’ नावाची फाइल उघडली की 12 किंवा 480 असा आकडा दिसे. आतापर्यंत हे दप्तर एकाच गठ्ठ्यात बांधलेलं होतं. आता सातबाऱ्यासारखा त्याचा उतारा कुणालाही काढता येऊ लागला, आणि सातबाऱ्याप्रमाणेच उताऱ्यावर आलेली नोंद जमिनीवर जाऊन पडताळून पाहावी लागे ती लागेच.

या उताऱ्यांचा उपयोग लगेच दिसला. चार तोंडांचा स्वस्त हब लावला आणि त्याला वेगळी वीज दिली नाही, तर एकेका उपकरणाच्या वाट्याला 100 मिलिअँपिअर येतात. थेट संगणकाच्या भोकात 500 मिळतात. बोटाचा ठसा घेणाऱ्या डबीला आपला दिवा पेटवायला लागतो त्याहून कमी प्रवाह मिळाला तर ती रुसते. उपकरणाने किती मागितलं, ते कुठल्या हबवर बसलं, हे सिसएफएसमध्ये उघड दिसतं. ज्याला ते वाचता येतं त्याने कारण दोन मिनिटांत सांगावं. ज्याला येत नाही तो वायर काढून पुन्हा लावतो. त्यानेही कधीकधी काम होतं, हे मान्य करायला हवं.

नोव्हेंबर 2008 मध्ये यूएसबी 3.0 चा आराखडा आला. वेग 5 गिगाबिट, आणि चौथी चिप-रचना, एक्सएचसीआय. जुन्या तिन्ही रचनांचं काम तिने एकटीने करायचं होतं. इंटेलमधल्या सेरा शार्प यांनी तिचा लिनक्स ड्रायव्हर लिहिला. सप्टेंबर 2009 मधल्या 2.6.31 आवृत्तीत तो आला आणि यूएसबी 3.0 चालवण्यात लिनक्सने विंडोजला मागे टाकलं.

या नव्या चिपेमुळे एक जुनी सोय मोडली. गोष्ट बारीक आहे, पण सगळ्या इतिहासाचं मर्म तिच्यात आहे. यूएसबीएफएसमधून एका वेळी 16 किलोबाइटपर्यंतच माहिती मागता येई. मोठी माहिती हवी असेल तर प्रोग्रॅमने तुकडे पाडून मागण्यांची रांग लावायची. मधलाच तुकडा अपुरा आला तर पुढच्या मागण्या रद्द व्हायला हव्यात, नाहीतर नंतरची माहिती चुकीच्या जागी जाऊन बसते. जुन्या रचनांत अपुऱ्या तुकड्यावर रांग थांबवता येत असे. एक्सएचसीआयच्या बाबतीत तसं थांबवता येत नव्हतं. वरच्या प्रोग्रॅमला हे कळायला मार्गच नव्हता. तो आंधळेपणाने जुन्या पद्धतीने मागत राही, आणि माहिती गडबडली की दोष उपकरणाला दिला जाई.

2012 मध्ये रेड हॅटमधले हान्स दे खूडे यांनी यावर उपाय केला. एका संगणकाला लावलेलं यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या आभासी संगणकाला वापरायला देण्याच्या कामात ते होते आणि तिथे ही अडचण रोजची होती. त्या वर्षी सप्टेंबरअखेर आलेल्या 3.6 आवृत्तीत त्यांनी यूएसबीएफएसला एक नवा प्रश्न जोडला: या उपकरणाच्या मागे जो होस्ट कंट्रोलर आहे, त्याला काय काय येतं? उत्तर म्हणून एक आकडा मिळतो आणि त्यातला एकेक बिट एकेका क्षमतेची खूण असतो. अपुऱ्या तुकड्यावर थांबता येतं का? मेमरीत विखुरलेल्या तुकड्यांतली माहिती एका फटक्यात पाठवता येते का? उत्तर पाहून प्रोग्रॅमने आपली रीत ठरवायची. पुढच्या आवृत्त्यांत या आकड्यात आणखी बिट आले. नवं यंत्र जुन्यासारखं वागेल असं गृहीत धरून चालण्यापेक्षा त्याला आधी विचारून घ्यावं, ही वृत्ती कर्नलच्या लोकांना हळूहळू आणि ठेचा खाऊनच लागली.

याच काळात आपल्याकडे आधार उभं राहत होतं. जानेवारी 2009 मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झालं. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. कोट्यवधी लोकांची दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा टिपायचा, तोही वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी. एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही हे प्राधिकरणाने आधीच ठरवलं होतं. म्हणून नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मधला थर ठेवला गेला. कंपनी कुठलीही असो, तिच्या यंत्राने या थराला ठरलेल्या साच्यात सांगायचं की मी कोण आणि मला काय टिपता येतं. कर्नलमधल्या मंडळींनी जे चिपेसाठी केलं, तेच इथे बोटांच्या यंत्रांसाठी झालं, आणि माझ्या मते आधारच्या तांत्रिक बांधणीतला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

बोटांचंही तसंच काहीसं झालं. ऊसतोडणी, वीटभट्टी, खुरपणी यांत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात. 2012 च्या सुमारास प्राधिकरणाने ‘सर्वोत्तम बोट’ शोधून देण्याची सोय केली. दहाही बोटं तपासून या माणसाचं कुठलं बोट सगळ्यांत चांगलं जुळतं ते सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी तेच टेकवता येईल. यंत्राला त्याची ताकद विचारणाऱ्या व्यवस्थेने इथे माणसाच्या हातालाही तोच प्रश्न विचारला. पण काउंटरवर सवय पडली ती अंगठ्याचीच. शतकभराचा ‘निशाणी अंगठा’ एका परिपत्रकाने जात नाही.

2017 उजाडेपर्यंत वारं फिरलं. ठसा डबीतून कच्च्या चित्राच्या रूपात संगणकात येई आणि वाटेत तो कुणी साठवून पुन्हा वापरू शके. फेब्रुवारीत अशाच संशयावरून प्राधिकरणाने पोलिसांत तक्रार दिली. त्याआधीच जानेवारीत परिपत्रक निघालं होतं: यापुढे ‘नोंदणीकृत’ यंत्रंच चालतील. जूनपासून ती सक्तीची करायचं ठरलं, मग मुदत सरकत गेली. नव्या नियमानुसार प्रत्येक डबीला स्वतःचा सांकेतिक क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळालं. ठसा कुलूपबंद होऊनच अर्जाच्या सॉफ्टवेअरच्या हाती पडणार. संगणकावर आरडी सर्व्हिस नावाचा छोटा प्रोग्रॅम बसणार आणि अर्जाच्या सॉफ्टवेअरने त्याच्याशी संगणकातल्या संगणकात, 11100 ते 11120 यांपैकी एका पोर्टवर बोलायचं. प्रश्न मोजके: तू तयार आहेस का? तू कोण? ठसा घे.

उत्तरांचा साचाही बारकाईने ठरलेला. 700 म्हणजे वेळ संपली, बोट टेकलंच नाही. 710 म्हणजे यंत्र दुसरा प्रोग्रॅम वापरतोय. 720 म्हणजे यंत्र तयार नाही. ठसा मिळाला तर त्यात किती बिंदू सापडले आणि त्याची प्रत काय, यांसाठीही जागा होती. पुढे आधारच्या सर्व्हरने न जुळणाऱ्या ठशासाठी ठेवलेला आकडा 300.

म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत डब्या, त्यांचे ड्रायव्हर आणि नियम बदलत होते, त्याच महिन्यांत महाराष्ट्रातले लाखो शेतकरी त्या डब्यांपुढे उभे होते. डबी जुनी की नोंदणीकृत, आरडी सर्व्हिस चालू की बंद, हबला वीज पुरते की नाही, गावात नेट आहे की नाही, पोर्टलचा सर्व्हर उभा आहे की आडवा आणि शेवटी बोटाच्या रेषा शिल्लक आहेत की नाहीत. प्रत्येक अडचणीला आत वेगळा आकडा होता. काचेपलीकडून ऐकू येई ते एकच: थंब घेत नाही. 720 असेल तर वायर तपासायची, 300 असेल तर दुसरं बोट लावून पाहायचं, नेट नसेल तर संध्याकाळी यायचं. तिन्हींवर उतारे वेगवेगळे, आणि शेतकऱ्याला मिळत होता तो ‘उद्या या’ हा एकच. केंद्रचालकालाही मी फारसा दोष देणार नाही. अर्जाचं पान आकडा दाखवेल तरच त्याला तो दिसणार.

याच गदारोळात 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आधारवर त्याचा परिणाम काय, याची चर्चा दिल्लीत तावातावाने चालली. राहात्यात आणि कोपरगावात तेव्हा 15 सप्टेंबरची मुदत डोळ्यांपुढे होती. ती पुढे 22 सप्टेंबर झाली. राज्यभरातून पन्नास लाखांहून जास्त अर्ज आले. दिवाळीत समारंभाने प्रमाणपत्रं वाटली गेली, पण पैसे खात्यात पडायला वेळ लागला. याद्या तपासताना एकच आधार क्रमांक अनेक कर्जदारांपुढे आढळल्याच्या बातम्या आल्या. आधार प्रमाणीकरणाचा एवढा खटाटोप करूनही बँकांकडून आलेल्या आकडेवारीतला गोंधळ तसाच राहिला होता.

पुढच्या कर्जमाफीत क्रम उलटा झाला. डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेल्या ‘महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजने’त अर्जच नव्हता. बँकांनी याद्या द्यायच्या आणि त्या गावात लावायच्या. शेतकऱ्याने यादीतला आपला क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं आणि अंगठा लावला की पडद्यावर कर्जाची रक्कम दिसणार. मान्य असेल तर पावती, नसेल तर तक्रार, आणि तक्रार जिल्ह्याच्या यंत्रणेकडे. 24 फेब्रुवारी 2020 रोजी पहिली यादी आली. प्रत्येक जिल्ह्यातली मोजकी गावं, एकूण 68. नगर जिल्ह्यातून राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातलं जखणगाव. अंगठा तोच, डबी तीच, पण निदान आपल्याबद्दल कागदावर काय लिहिलंय ते माणसाला दिसलं आणि त्यावर ‘नाही’ म्हणायची जागा मिळाली. महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि सगळ्यांनी एकाच काचेला हात लावणं धोक्याचं ठरलं.

ठशाच्या आकड्यांनाही एव्हाना एक खिडकी होती. आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच्या प्रमाणीकरणाचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास काढता येतो, अपयशी नोंदीपुढे त्रुटीचा आकडाही असतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल लागतो. ज्याच्याकडे तो नव्हता तोच तर अंगठा लावायला रांगेत उभा होता.

2021 नंतर प्राधिकरणाने चेहऱ्याने ओळख पटवणारं ॲप आणलं. जून 2023 पासून पीएम-किसानच्या लाभार्थ्यांना फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून ई-केवायसी करता येऊ लागली. या पद्धतीत डबी नाही, वायर नाही, हब नाही आणि होस्ट कंट्रोलरही नाही. तयारी आता फोनची तपासली जाते: अँड्रॉइडची आवृत्ती कुठली, मेमरी पुरेशी आहे का, कॅमेरा बरा आहे का. पूर्वी हे प्रश्न केंद्रचालकाने विकत घेतलेल्या यंत्राला विचारले जात. आता ते शेतकऱ्याच्या नाहीतर त्याच्या पोराच्या फोनला विचारले जातात, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर बदलायचा तो फोन, त्याच्याच पैशाने.